शहरांची उतरंड आणि मुंबईची जागा



देशातली शहरे लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने लावायची आणि प्रत्येक शहराची लोकसंख्या त्याच्या क्रमांकाने गुणायची, एवढ्याच गणितावर आजचे व्याख्यान उभे आहे. आकडे २०११च्या जनगणनेचे घेतो, कारण नव्या जनगणनेचे आकडे अजून यायचे आहेत. शहर म्हणजे महानगरपालिकेची हद्द न धरता जनगणनेतला ‘नागरी समूह’ धरतो, म्हणजे मुख्य शहर आणि त्याला लागून सलग वाढलेल्या वस्त्या. दिल्ली दुसरी, लोकसंख्या १ कोटी ६३ लाख, गुणाकार ३ कोटी २७ लाख. कोलकाता तिसरे, लोकसंख्या १ कोटी ४१ लाख, गुणाकार ४ कोटी २२ लाख. पाचव्या बंगळुरूचा गुणाकार ४ कोटी २६ लाख येतो, आठव्या पुण्याचा ४ कोटी ५ लाख, दहाव्या जयपूरचा ३ कोटी ५ लाख, तेराव्या नागपूरचा ३ कोटी २५ लाख, विसाव्या भोपाळचा ३ कोटी ७७ लाख. दिल्ली भोपाळच्या साडेआठपट मोठी आहे, तरी दोघींचे गुणाकार एकमेकांच्या जवळ आहेत. ही शहरे वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या राज्यकर्त्यांनी, वेगवेगळ्या कारणांनी वसवली. त्यांचे आकार एकमेकांशी जुळवून घ्यावेत असे कोणी ठरवले नव्हते. तरीही दुसऱ्यापासून विसाव्यापर्यंत सगळे गुणाकार तीन ते साधारण साडेचार कोटींच्या पट्ट्यात राहतात. या यादीत एकच शहर पट्ट्याच्या बाहेर आहे, आणि ते पहिले आहे. मुंबईची लोकसंख्या १ कोटी ८४ लाख. क्रमांक पहिला असल्याने गुणाकारही तेवढाच, म्हणजे बाकीच्या यादीने मागितलेल्या आकड्याच्या साधारण निम्मा. जी मुंबई आपल्याला आवाक्याबाहेर गेलेली वाटते, ती भारताच्या यादीत लहान पडते.

हा नियम पहिल्यांदा स्पष्टपणे मांडला तो फेलिक्स आउअरबाख या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने, १९१३ साली. लोकसंख्या आणि क्रमांक यांचा गुणाकार जवळजवळ स्थिर राहतो हे त्याने दाखवून दिले. पुढे हार्वर्ड विद्यापीठातील भाषाभ्यासक जॉर्ज किंग्स्ली झिफ याने शब्दांच्या वापरातही हाच आकृतिबंध पाहिला आणि १९४९च्या आपल्या ग्रंथात शहरांसह सगळे एकत्र मांडले, म्हणून नाव त्याचे पडले. भूगोलाच्या पुस्तकांत याला क्रमांक-आकार नियम म्हणतात. लोकसंख्या आणि क्रमांक या दोन्हींचे लॉगॅरिदम घेऊन आलेख काढला, तर बिंदू एका उतरत्या सरळ रेषेवर येतात आणि तिचा उतार साधारण उणे एक असतो. याच सुमारास, १९३९ साली, मार्क जेफरसन या अमेरिकी भूगोलज्ञाने याच्या उलट बाजूकडे लक्ष वेधले. अनेक देशांत पहिले शहर दुसऱ्याच्या दुपटीने नव्हे, कित्येक पटींनी मोठे असते. अशा शहराला त्याने प्रधान शहर म्हटले. पॅरिस, लंडन, बँकॉक ही त्याची परिचित उदाहरणे. गेली ऐंशी वर्षे हे दोन विचार पाठ्यपुस्तकांत शेजारी शेजारी राहत आले आहेत, जणू काही देश पहिला नियम पाळतात आणि काही दुसरा. मला वाटते, असे दोन कप्पे करण्यात खरा प्रश्न निसटतो. नियम शहराचा नसतो, देशाचाही नसतो. तो एकमेकांशी बांधलेल्या शहरांच्या एका संचाचा असतो. म्हणून नियम कुठे जुळतो यापेक्षा तो कुठे आणि कोणत्या दिशेने मोडतो हे पाहावे. आपण ओढलेली सीमा आणि शहरांचे प्रत्यक्ष नातेसंबंध यांत किती अंतर आहे, हे त्यातून कळते.

आधी हा आकृतिबंध मुळात का येतो ते पाहू, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. रोबेर जिब्रा या फ्रेंच अभियंत्याने १९३१ साली उद्योगसंस्थांच्या आकाराविषयी एक कल्पना मांडली. वाढीचा दर आकारावर अवलंबून नसतो. ती शहरांना लावली तर असे म्हणता येते: मोठे शहर मोठे आहे म्हणून अधिक टक्क्यांनी वाढत नाही, लहान शहर लहान आहे म्हणून कमी टक्क्यांनी वाढत नाही. कोणाचे दशक चांगले जाते, कोणाचे वाईट. अशी टक्केवारीतली चढउतार पिढ्यान्‌पिढ्या एकमेकींवर गुणली जात राहिली, तर मोजकी खूप मोठी आणि पुष्कळशी लहान शहरे तयार होतात. हर्बर्ट सायमनने १९५५ साली याच दिशेने गणित नेले आणि झेव्हिए गॅबे या अर्थशास्त्रज्ञाने १९९९ साली दाखवले की, शहरे एका किमान आकाराच्या खाली फारशी घसरत नाहीत एवढी एक अट घातली, तर उतार बरोबर उणे एककडे जातो. म्हणजे नियमासाठी कोणी नियोजक लागत नाही. मात्र एक गोष्ट लागते, ती अनेकदा दुर्लक्षिली जाते. सगळ्या शहरांची सरासरी वाढ एकच असली पाहिजे, आणि ती तशी राहते ती माणसे, माल आणि भांडवल त्या शहरांमध्ये मोकळेपणाने फिरतात तेव्हाच. एखादे शहर महाग झाले तर लोक दुसऱ्याकडे वळतात, दुसरीकडे काम मिळाले तर तिकडे जातात. ही ये-जा जिथपर्यंत पोहोचते तिथपर्यंतच यादी ‘एक’ असते.

या वाढीत धक्के येतात, आणि काही धक्के आश्चर्यकारकपणे भरून निघतात. १८९१ साली मुंबईची लोकसंख्या ८ लाख २२ हजार होती. १८९६ साली प्लेग आला, लोक शहर सोडून पळाले, आणि १९०१च्या गणनेत ती ७ लाख ७६ हजारांवर उतरली. १९११ साली ती ९ लाख ७९ हजार होती. जपानी शहरांवरच्या दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांचा अभ्यास डोनाल्ड डेव्हिस आणि डेव्हिड वाइनस्टाइन यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. हिरोशिमा आणि नागासाकीसुद्धा काही दशकांत आपल्या जुन्या वाढीच्या रेषेवर परत आली, असे त्यात दिसते. घरे जळाली, माणसे मेली, पण शहराला धरून ठेवणारे बंदर, रस्ते आणि भोवतालच्या प्रदेशाशी असलेले नाते शिल्लक होते. याच्या उलट, शहराला काहीही झाले नाही, एक वीटही पडली नाही, आणि त्याचे नाते मात्र तुटले, तर काय होते? याचे उत्तर व्हिएन्नाने दिले आहे. पहिल्या महायुद्धाआधी वीस लाखांची व्हिएन्ना पाच कोटी लोकांच्या साम्राज्याची राजधानी होती. प्राग, बुडापेस्ट, त्रिएस्ते, ल्वोव ही शहरे तिच्या उतरंडीत खाली होती. १९१८ नंतर ती पासष्ट लाख वस्तीच्या एका लहान प्रजासत्ताकाची राजधानी झाली. दुसऱ्या क्रमांकावर ग्राझ, दीड लाखाच्या आसपासचे. पहिले शहर दुसऱ्याच्या दहापटीहून मोठे. व्हिएन्नाच्या गल्ल्या त्याच होत्या, सीमा मात्र बदलली होती. कालचे क्रमांक-आकार नियमातले शहर आज जेफरसनच्या कप्प्यात गेले.

हे कागदावर तपासता येते आणि त्याला शाळेतल्या गणितापेक्षा जास्त काही लागत नाही. दोन वेगवेगळे देश घ्या, प्रत्येकात १२, ६, ४ आणि ३ लाखांची शहरे. प्रत्येक देशात गुणाकार अचूक १२. आता दोघांची यादी एकत्र करा: १२, १२, ६, ६, ४, ४, ३, ३. गुणाकार येतात १२, २४, १८, २४, २०, २४, २१, २४. बाकीची यादी चोविसाच्या जवळ स्थिरावते आणि पहिले शहर बरोबर निम्मे पडते. आता उलट करा. १२० लाखांपासून सुरू होणारी एकसंध यादी घ्या आणि तिच्यातून पहिले, चौथे, सातवे, दहावे अशी शहरे उचलून त्यांचा एक प्रांत करा: १२०, ३०, १७, १२. गुणाकार १२०, ६०, ५१, ४८, आणि पुढे यादी लांबवली तर चाळिसाकडे. पहिले शहर तिप्पट मोठे दिसते. अनेक व्यवस्था एका यादीत कोंबल्या की डोके लहान दिसते, एका व्यवस्थेचा तुकडा काढून घेतला की डोके मोठे दिसते. मात्तेओ क्रिस्टेली, मायकेल बॅटी आणि लुचानो पिएत्रोनेरो यांनी २०१२ साली हेच प्रत्यक्ष आकड्यांवर दाखवले. अमेरिकेची शहरे संपूर्ण देश घेतला तर नियमात बसतात, एकेक राज्य घेतले तर बसत नाहीत. युरोपात नेमके उलटे, एकेक देश बसतो, सगळा युरोपीय संघ एकत्र केला तर बसत नाही. अमेरिका एक व्यवस्था म्हणून वाढली, युरोप अनेक व्यवस्थांचा मिळून झाला.

आता महाराष्ट्राची यादी लावू. मुंबई १८४ लाख. पुणे ५०.६ लाख, गुणाकार १०१ लाख. नागपूर २५ लाख, गुणाकार ७५. नाशिक १५.६ लाख, गुणाकार ६२. मग वसई-विरार ६१, छत्रपती संभाजीनगर, जे तेव्हा औरंगाबाद म्हणून नोंदले गेले, ७२, सोलापूर ६७, भिवंडी ५९, अमरावती ५८, मालेगाव ५८, कोल्हापूर ६२, नांदेड ६६, सांगली ६७. तिसऱ्यापासून तेराव्या क्रमांकापर्यंत गुणाकार ५८ ते ७५ लाखांच्या पट्ट्यात आहेत, भारताच्या यादीपेक्षाही नेटके. आणि या पट्ट्याच्या तुलनेत मुंबई जवळजवळ तिप्पट आहे. तेच शहर, तीच जनगणना, तोच आकडा. भारताच्या यादीत मुंबई निम्मी आणि महाराष्ट्राच्या यादीत तिप्पट. याचा अर्थ मुंबईत काही गूढ आहे असा नाही. भारताची यादी एकापेक्षा जास्त व्यवस्थांची बेरीज आहे आणि महाराष्ट्राची यादी एका व्यवस्थेचा भाग आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे. ती व्यवस्था कुठवर जाते याचा अंदाज घ्यायचा असेल तर १९५६ ते १९६० या काळातले द्विभाषिक मुंबई राज्य २०११च्या आकड्यांवर पुन्हा मांडून पाहावे, म्हणजे महाराष्ट्र आणि गुजरात एकत्र. मुंबई १८४. अहमदाबाद दुसरे, गुणाकार १२७. पुणे तिसरे, १५२. सुरत चौथे, १८४. नागपूर १२५, बडोदे १०९, नाशिक १०९, राजकोट १११, वसई-विरार ११०, संभाजीनगर ११९, सोलापूर १०५. मुंबई आता तिप्पट उरत नाही. ती खालच्या पट्ट्याच्या दीडपट-पावणेदोनपट होते आणि सुरत तिच्या बरोबरीला येते.

हे ऐकून काही श्रोत्यांच्या मनात जो प्रश्न उठला असेल, त्याचे उत्तर मला अगदी स्पष्टपणे द्यायचे आहे. मुंबई कोणाची, हा प्रश्न १ मे १९६० रोजी सुटला आणि तो लोकसंख्येच्या तक्त्यांवर सुटला नाही, सुटायलाही नको होता. राज्ये लोकांच्या भाषेवर आणि इच्छेवर उभी राहतात. त्यासाठी या शहरात माणसांनी प्राण दिले आहेत. एखाद्या शहराचा आर्थिक पृष्ठप्रदेश राज्याच्या सीमेबाहेर जातो म्हणून त्या शहरावरचा त्या राज्याचा हक्क कमी होत नाही, आणि राज्याची सीमा आखली म्हणून पृष्ठप्रदेश आखडत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तरच आकड्यांतून काही शिकता येईल. मुंबईचा पृष्ठप्रदेश कसा तयार झाला हे इतिहासात नोंदलेले आहे. १८५३ साली ठाण्यापर्यंत रेल्वे, १८६३ साली बोरघाट ओलांडला, त्याच वर्षांत अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या आणि गुजरातच्या कापसाला लँकेशायरची मागणी, १८६९ साली सुएझ कालवा. अमरावती-खामगावचा कापूस आणि भडोच-सुरतेचा कापूस एकाच बंदरावर येऊन मिळाला. भांडवल गुजराती, पारशी, भाटिया व्यापाऱ्यांचे, गिरणीतले हात कोकणातले आणि घाटावरचे. १९३५ साली स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेचे मध्यवर्ती कार्यालय १९३७ साली कोलकात्याहून मुंबईला आले, तेव्हा तर या शहराचा पृष्ठप्रदेश पैशाच्या बाबतीत सगळा देश झाला. मुंबईचा आकार महाराष्ट्राच्या यादीने समजावून देता येत नाही याचे कारण तिला मोठे करणारे हात आणि पैसा त्या यादीपुरते मर्यादित कधीच नव्हते.

महाराष्ट्राच्या आत हीच गोष्ट लहान प्रमाणावर पुन्हा दिसते. विदर्भाची वेगळी यादी केली तर अमरावतीचा गुणाकार १३ लाख, अकोल्याचा १३ लाख, चंद्रपूरचाही १३ लाख, इतके ते एकसारखे आहेत. नागपूर मात्र २५ लाख, जवळजवळ दुप्पट. नागपूर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, आणि छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या बाजूंची माणसे आजही उपचाराला, शिक्षणाला आणि घाऊक खरेदीला नागपूरकडेच पाहतात. विदर्भाच्या यादीत नागपूर जेवढे ‘जास्त’ दिसते, तेवढा त्याचा पृष्ठप्रदेश सातपुड्याच्या पलीकडे आहे असे मी मानतो.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप शहराच्या व्याख्येचा, आणि तो रास्त आहे. नागरी समूह न धरता महापालिकांच्या हद्दी धरल्या तर कोलकाता ४५ लाखांवर येते आणि तिसऱ्या क्रमांकावरून सातव्यावर घसरते. मुंबई १ कोटी २४ लाखांची होते. वसई-विरार आणि भिवंडी यांना जनगणनेने मुंबईच्या समूहाबाहेर ठेवले आहे, पण विरारहून सकाळच्या लोकलने चर्चगेटकडे येणाऱ्याला ही सीमा कुठे ओलांडली ते सांगता येणार नाही. व्याख्या बदलली की आकडे बदलतात हे मान्य. पण मग निष्कर्ष बदलतो का, ते पाहिले पाहिजे. वसई-विरार आणि भिवंडी मुंबईत मिळवू. मुंबई २०४ लाखांची होते आणि वसई-विरारच्या खालची सगळी शहरे एक-दोन पायऱ्या वर सरकतात. संभाजीनगरचा गुणाकार आता ६०, सोलापूरचा ५७, अमरावतीचा ४५, मालेगावचा ४६, कोल्हापूरचा ५१, नांदेडचा ५५. मुंबई तिप्पट होती ती चौपट झाली. अधिक खरी व्याख्या घेतल्याने विसंगती मिटली नाही, वाढली. भारताच्या यादीत मात्र २०४ लाखांची मुंबईसुद्धा तीन ते साडेचार कोटींच्या पट्ट्यापासून दूरच राहते. एर्नान रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रशासकीय सीमा बाजूला ठेवून, प्रत्यक्ष सलग वस्तीवरून अमेरिकेतील आणि ब्रिटनमधील शहरे आखली, तेव्हा नियम अधिक खालच्या आकारापर्यंत टिकलेला दिसला. वाईट व्याख्या नियम निर्माण करत नाही, तो झाकते.

दुसरा आक्षेप संख्याशास्त्राचा आहे आणि तो अधिक खोल जातो. उतरत्या क्रमाने लावलेली कोणतीही यादी उतरतेच, लॉगच्या कागदावर पुष्कळ गोष्टी सरळ दिसतात, आणि क्रमांक हा लोकसंख्येवरूनच काढलेला असल्याने बिंदू एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, म्हणून रेषा आहे त्यापेक्षा चांगली जुळल्याचा भास होतो. आरन क्लॉसेट, कॉस्मा शालिझी आणि मार्क न्यूमन यांनी २००९ साली कडक कसोट्या लावून अशा अनेक दाव्यांतली हवा काढली. यान एकहाउटने २००४ साली अमेरिकेतल्या अगदी लहान वस्त्यांसह सगळी ठिकाणे घेतली तेव्हा त्याला सरळ रेषेऐवजी लॉगनॉर्मल वक्र मिळाला. फक्त वरचे टोक पाहिले तरच रेषा सरळ दिसते, असे त्याचे म्हणणे. हे मी मान्य करतो, आणि माझ्या बाजूविरुद्धचा याहून धारदार मुद्दा स्वतःच पुढे ठेवतो. या नियमात पहिल्या क्रमांकाचा आकडा सर्वांत बेभरवशाचा असतो. शुद्ध योगायोगाने तयार झालेल्या अशा यादीतही पहिले शहर पट्ट्याच्या पावणेतीनपट वा त्याहून मोठे निघण्याची शक्यता दहात तीन असते, आणि निम्म्याहून लहान निघण्याची शक्यता साधारण सातात एक. म्हणजे एकट्या महाराष्ट्राच्या तक्त्यावरून कोणी मुंबईविषयी निकाल देऊ लागला तर त्याला थांबवले पाहिजे. शिवाय यादीत कोणतेही दुसरे राज्य मिळवले तरी पट्टा वर सरकतो. गुजरातऐवजी तामिळनाडू मिळवले असते तरी मुंबई कमी विसंगत दिसली असती. मराठवाड्याचे उदाहरण यासाठी चांगले आहे. संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी, जालना यांचे गुणाकार १२, ११, ११.५, १२ आणि १४ लाख. इतके सुबक की मराठवाडा ही स्वतःत पूर्ण व्यवस्था आहे असे म्हणायचा मोह व्हावा. पण नांदेड-लातूरची ओढ हैदराबादकडे किती होती आणि आहे, हे तिथल्या कोणालाही माहीत आहे. पाच शहरांची सुबकता हा पुरावा नव्हे.

मग तक्त्याचा उपयोग काय? तक्ता निकाल देत नाही, तो शोध कुठे घ्यायचा ते दाखवतो. गुजरात मिळवायचे की तामिळनाडू, हे गुणाकार सांगत नाहीत. ते रेल्वेच्या मार्गांनी, कापसाच्या वाटांनी, स्थलांतराने आणि भांडवलाने ठरते, आणि ही साक्ष गुजरातच्या बाजूने आहे. मुंबई, नागपूर आणि व्हिएन्ना या तिन्ही ठिकाणी विसंगतीची दिशा आणि इतिहासाची साक्ष एकाच बाजूला पडतात. एकेका ठिकाणी योगायोग म्हणता येईल, तिन्ही ठिकाणी म्हणणे अवघड आहे.

तिसरा आक्षेप माझ्या भारताविषयीच्या मतावर येतो. १९५१ची यादी पाहा. कोलकाता सुमारे ४७ लाख, मुंबईचा गुणाकार ५९, मद्रासचा ४६, दिल्लीचा ५७, हैदराबादचा साधारण ५५, अहमदाबादचा ५३, बंगळुरूचा ५५. तेव्हा पहिले शहर जवळजवळ जागेवर होते. आजच्यापेक्षा रस्ते कमी, फोन कमी, बाजार तुटक, तरी यादी एकसंध. मग भारत अनेक व्यवस्थांची बेरीज आहे हे १९५१ला का दिसत नाही? माझे उत्तर असे आहे की १९५१चे आकडे नुकत्याच संपलेल्या काळाचे होते. वसाहतीच्या अर्थव्यवस्थेत सगळी उतरंड बंदरांपाशी येऊन थांबत होती, आणि तिच्या शिखरावर १९११ पर्यंत राजधानी राहिलेले कोलकाता होते. फाळणीने त्याचा पूर्वेकडचा तागाचा पृष्ठप्रदेश गेला. पन्नाशीच्या दशकात कोळसा-पोलादाच्या वाहतुकीचे दर देशभर समान करण्यात आले, तेव्हा खाणींजवळ असण्याचा त्याचा फायदाही गेला. दिल्लीत निर्वासित आले, तिची लोकसंख्या १९४१ ते १९५१ या दहा वर्षांत दुपटीहून अधिक झाली होती. १९५६च्या राज्य पुनर्रचनेनंतर बहुतेक मोठ्या भाषांना राजधानी मिळाली, आणि राजधानीबरोबर सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय, सार्वजनिक उद्योग आले. १९५१ ते २०११ या साठ वर्षांत कोलकाता तिप्पट झाले, मुंबई सहापट, दिल्ली आणि बंगळुरू सुमारे अकरापट. पहिले शहर दुसऱ्याच्या मानाने लहान पडत गेले ते यामुळे. एका साम्राज्याची एक उतरंड जाऊन एका प्रजासत्ताकाच्या अनेक उतरंडी उभ्या राहिल्या. मला हे देश विस्कळीत झाल्याचे लक्षण वाटत नाही. कानडी, तेलुगू, गुजराती माणसाला उच्च न्यायालयासाठी वा पदवीसाठी दूरच्या बंदरात जावे लागत नाही, याचा हा आकड्यांतला माग आहे.

राहिला धोरणाचा प्रश्न. दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, वाढ जर योगायोगाचीच असेल तर नियोजन व्यर्थ आहे. बंगळुरू आणि दिल्लीचे आकडे याला पुरेसे उत्तर आहेत. राजधानी कुठे, कारखान्याचा परवाना कुठे, हे ठरवल्याने क्रमांक बदलले. दुसरे मत म्हणते, मुंबई ‘असायला हवी’ त्याच्या तिप्पट आहे, म्हणून तिची वाढ रोखा. हे मला अधिक धोक्याचे वाटते, कारण त्यात वर्णनाचा आदेश केला जातो. महाराष्ट्राने हा प्रयत्न साठ वर्षे केला आहे. १९६४ची सामूहिक प्रोत्साहन योजना मागास भागांत उद्योग नेण्यासाठी आली, १९७० साली मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी नवी मुंबई वसवण्याचे काम सुरू झाले. २०११ साली नवी मुंबईत ११ लाखांहून अधिक लोक राहत होते, आणि ते सगळे मुंबईच्याच नागरी समूहात मोजले गेले. नवी मुंबई चांगले शहर झाले, पण तिने उतरंड बदलली नाही, शिखर रुंद केले. मुंबईच्या आकाराला महाराष्ट्राबाहेरच्या ज्या प्रदेशांनी हातभार लावला, त्यांच्यावर महाराष्ट्राच्या योजनेचा ताबा असणे शक्यच नव्हते. ज्यावर ताबा आहे ते वेगळे आहे. तिसऱ्यापासून तेराव्यापर्यंतची आपली शहरे नियमाच्या दृष्टीने निरोगी आहेत, ती ‘खुंटलेली’ आहेत ही समजूत आकड्यांना धरून नाही. पण मुंबईच्या परिसराखाली दक्षिण कोकणात २०११ साली एक लाख वस्तीचे एकही शहर नव्हते, रत्नागिरीसुद्धा ७६ हजारांचे होते. राज्याची यादी इतकी नेटकी असताना एका सबंध किनारपट्टीला पायरीच नाही, हे गुणाकार झाकून टाकतात. तिथला तरुण मधल्या शहरात थांबू शकत नाही, सरळ मुंबईला जातो, आणि ही गोष्ट शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. मुंबई किती मोठी असावी यावर खर्च होणारी आपली शक्ती या रिकाम्या पायरीवर खर्च व्हावी, असे मला मनापासून वाटते.

नवी जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भ दिवस धरून होणार आहे. तिचे तक्ते आले की पुन्हा राज्यनिहाय याद्या लागतील, पहिला कोण, दुसरा कोण याच्या बातम्या होतील, दिल्लीने मुंबईला मागे टाकले का याची चर्चा होईल. माझी मागणी एवढीच आहे की त्याच आकड्यांवर दुसऱ्या याद्याही लावाव्यात. वसई-विरार, भिवंडी आणि पनवेल धरून मुंबईची एक यादी, छिंदवाडा-बालाघाटासह नागपूरची एक, हैदराबादला शिखर मानून नांदेड-लातूरची एक, आणि गोवा, बेळगाव, कोल्हापूर, रत्नागिरी एकत्र घेऊन एक. स्थलांतराचे तक्ते त्याच जनगणनेत असतात. माणसे कुठून कुठे गेली हे पाहून यादीची सीमा आखता येते. ती सीमा आधी आखली, मग गुणाकार केले, आणि तरीही मुंबई तिप्पट निघाली, तर माझे आजचे म्हणणे चुकीचे ठरेल.